पुष्पाबाईंची गाळलेली ओळ

पुष्पाबाई प्रार्थनेतली एक ओळ गाळायच्या, हे आमच्या जालन्याच्या सगळ्या चर्चला माहीत होतं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की त्यांचा खणखणीत आवाज सगळ्यांच्या पुढं. पण 'आम्ही इतरांना क्षमा केली तशी आम्हालाही कर' हे म्हणायची वेळ आली की तोंड गच्च मिटायचं. सात वर्षं हे चाललं. मी पेटी वाजवतो, लोकांकडं तोंड करून बसतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

कारण होत्या त्यांच्या सख्ख्या नणंद, तिसऱ्या बाकावरच्या कांताबाई. पुष्पाबाईंच्या अक्षताला परतूरचं स्थळ आलं होतं. पाहुणे गल्लीत चौकशीला आले, तर कांताबाईंनी पोरीला फिट येतात म्हणून सांगून टाकलं. सपशेल खोटं. लग्न मोडलं. अक्षता पुढं नर्स झाली, संसारालाही लागली; आईच्या मनातून मात्र ते जाईना.

पाळकसाहेबांनी एकदा समजावलं, "नुसतं म्हणा तरी. मन मागून येईल."

"देवापुढं खोटं बोलू का मंग? त्याला बराबर कळतं."

मला तेव्हापासून या बाईचा फार आदर वाटतो. आम्ही बाकीचे ती ओळ फुटाण्यासारखी तोंडात टाकतो.

मागच्या फेब्रुवारीत कांताबाईंच्या नातीला, आकांक्षाला, टेंभुर्णीचं स्थळ आलं. पाहुणे चौकशीला नेमके पुष्पाबाईंच्या दारात. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या कांताबाईंचा हात थांबला. मी शेजारीच राहतो. पेपर आडवा धरून कान टवकारले, कबूल करतो.

"पोरगी कशी हाय?"

पुष्पाबाईंनी समोरच्या ओट्याकडं पाहिलं. लग्न मोडायला एक वाक्य पुरलं असतं.

"माझ्या डोळ्यासमोर वाढली. बिलकुल निर्धास्त सोयरीक करा. आमच्या वन्संची नात हाय ती."

सात वर्षांत 'वन्सं' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्या चहा ठेवायला आत गेल्या. कांताबाई ओट्यावरच रडत बसल्या.

त्या रविवारी ती ओळ आली आणि सवयीनं पुष्पाबाईंचं तोंड मिटलंच. आम्ही पुढं सरकलो, तर मागाहून पुष्पाबाईंचा एकटीचा आवाज आला, कापरा, पण शब्द न् शब्द स्पष्ट. सगळं चर्च थांबलं.

पाळकसाहेबांनी ती ओळ सगळ्यांसाठी पुन्हा घेतली. चौथ्या बाकावर माझा भाऊ अण्णासाहेब होता. घराच्या वाटणीवरून आम्ही नऊ वर्षं बोलत नाही.

माझं तोंड उघडेना.