पूजाचा हत्ती आणि सनाची वेणी

बुद्धिबळाच्या हॉलबाहेर बसणाऱ्या आयांना खेळ नसला येत, तरी किस्से लई येतात. आत पोरी खेळतात, बाहेर आम्ही जळत बसतो. निदान मी तरी.

मी मुदखेडची, शाळा सातवीपर्यंत. माझी पूजा आणि नांदेडच्या रेहानाभाभीची सना एकाच वयाच्या. सनाला शिकवायला सर आहेत. पूजाला माझा मोबाईल.

*

भाभी सनाला भिजवलेले बदाम द्यायची. पुढच्या स्पर्धेला मीही दिले. पूजा पोट धरून डाव सोडून आली.

भाभी म्हणाली, "ताई, सोलून द्यायचे असतात."

हे आधी सांगायला काय झालं होतं?

*

आयांना आत बंदी. खिडकीतून बघायचं. डाव बिघडला की सना वेणी चावते, हे मी लवकरच हेरलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "पूजा कशी खेळली?"

म्हणलं, "सनानं वेणी तोंडात घातलीच न्हाई."

"तू पोरीला बघायला जातीस का वेणीला?"

*

भाभी तर लेकीकडून खेळच शिकली.

"भाभी, कामं कवा करता?"

"हरंल तिनं भांडी घासायची. रोज मीच घासते."

हसले मी. पण मला सोंगट्यांची नावंच येतात.

*

लातूरला जाताना एस.टी.त सना पूजाला सिसिलियन ड्रॅगन नावाची चाल शिकवून राहिली होती. काळ्यांनी राजा जपत बसायचं नाही, उलट अंगावर जायचं. वेळ पडली तर हत्तीसुद्धा देऊन टाकायचा.

भाभी म्हणाली, "सना, बस झालं."

"राहू द्या की, लेकरं हायत," मी म्हणाले, आणि सनाला डब्यातला अजून एक धपाटा खायला दिला.

*

लातूरला शेवटचा डाव नेमका दोघींचाच. जिंकंल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार. पूजाकडं काळ्या सोंगट्या.

आम्ही दोघी एकाच खिडकीला. बघते तर पूजाचा हत्ती पटाबाहेर. पदर डोळ्याला लावला.

भाभीनं आतली नजर काढली नाही. हळूच म्हणाली, "रडू नका ताई. हत्ती तिनं मुद्दाम दिलाय. पाय बघा, हलवून राहिली. जिंकायला लागली की हलवते ती."

मला हे माहीतच नव्हतं.

सनाकडं बघितलं. वेणी तोंडात होती.

पूजा जिंकली. परतीच्या गाडीत बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन मी शेजारची जागा धरून ठेवली. पूजा आली, ढालीवरून हात फिरवला आणि पुढं भाभीच्या सीटवर जाऊन बसली.

"खाला, मी हत्ती दिला तवा तुम्हाला कळलं होतं का?"

भाभीनं पिशवीतून डबी काढली. पूजाच्या हातावर बदाम ठेवले. सोललेले.