वन्संचं दहावं नाणं

माझ्या नणंदेला दोष काढायची सवय जन्मापासूनची आहे. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, तोंडावर बोलते. त्यावर त्या म्हणतात, "बोललीस ते बरोबर, पण आवाज जरा मोठा होता."

लग्न होऊन मी या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. वन्सं वरच्या खोलीत राहतात. लग्न केलं नाही. का, असं एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "पाहिले की तिघंजण. एकाचे खांदे वरखाली होते." बाकीच्या दोघांचं विचारायची माझी छाती झाली नाही. कपाचा टवका, पडद्याची वाकडी शिवण, भाजीची जाडबारीक चिरलेली फोड, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आमचे हे म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, पण तेही बहीण समोर असली की मूग गिळून बसतात.

वन्सं एक लाँड्री सांभाळतात, नाणी टाकून चालणारी. सात मशीनं, एक लांब बाक आणि खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालायचं टेबल. त्यातलं चार नंबरचं मशीन भलतंच चिकित्सक. नाण्यात जरा उणंअधिक असलं की गिळायचं नाही, खालच्या खाचेतून खण्णकन परत. लोक वैतागून त्याला लाथा घालायचे. वन्संनी मात्र एक दिवस असं परत आलेलं नाणं उचललं आणि खिडकीशी नेऊन पाहिलं. एका बाजूला नेहमीचा छाप, दुसरी बाजू साफ कोरी. "वहिनी," संध्याकाळी दारातूनच त्या म्हणाल्या, "टांकसाळसुद्धा चुकते बरं का." एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी पाहिला नव्हता. जणू कुणी त्यांना सांगितलं होतं की बाई, तुझी नजर वाया गेली नाही.

लाँड्रीच्या मालकानं सांगून टाकलं की परत आलेलं नाणं हवं तर ठेवा, बदली आपल्याकडचं चांगलं टाका. मग काय, वन्संच्या पिशवीत भिंग आलं, वाचनालयातून पुस्तकं आली आणि जेवताना मला धडे सुरू झाले. "हे बघ, नाण्याच्या कडेचा तुकडा कमी आहे. टांकसाळीत पत्रा कापतानाच कमी पडला असेल, तर बरोबर समोरची कडही थोडी बसकी दिसते. कुणी कानशीनं घासला असेल तर समोरची कड धडधाकट." मी म्हणायची, "हो का, आमटी घ्या." पण खोटं कशाला बोलू, पुढे बाजारात सुटे घेताना मीही कडा चाचपायला लागले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी नाणेमंडळ भरतं. तिथे सगळे शिकलेसवरलेले, दातांचे डॉक्टर, बँकेतले साहेब, दोन निवृत्त मास्तर. वन्संना ते 'लाँड्रीवाल्या बाई' म्हणायचे आणि त्या शेवटच्या खुर्चीवर बसायच्या. मंडळाचे परीक्षक एक म्हातारे घड्याळजी. नाण्यातला दोष टांकसाळीतला की नंतर कुणी केलेला, हे तेच ठरवणार. त्यांनी चिठ्ठी लिहिली की विषय संपला. तीस वर्षं असंच चाललं होतं.

गेल्या वर्षी घड्याळजींनी जाहीर केलं की आता हात थरथरतो, नवा परीक्षक निवडा. निवडायची रीतही त्यांनीच ठरवली. तबकात दहा नाणी, वेळ एक तास. प्रत्येकानं प्रत्येक नाण्याबद्दल एकेका चिठ्ठीवर लिहायचं, कुणाशी बोलायचं नाही. ज्याची सगळ्यांत जास्त बरोबर, त्याची खुर्ची.

ती खुर्ची आपल्याला हवी आहे, असं वन्सं घरी बोलल्या नाहीत. पण त्यांनी आठवडाभर माझ्या एकाही कामात खोट काढली नाही, तेव्हाच मी ओळखलं की बाईंना काहीतरी फार म्हणजे फार हवंय.

सरावासाठी रोज दुपारी त्यांच्या डब्यातली दहा नाणी मी ताटलीत मांडून द्यायची. आठव्या दिवशी मला कंटाळा आला आणि दुर्बुद्धीही झाली. नऊ त्यांची मांडली आणि दहावं माझ्या पाकिटातलं, सकाळी भाजीवालीनं दिलेलं, साधंसुधं. वन्सं त्यावर वीस मिनिटं भिंग धरून बसल्या आणि लिहिलं काय, तर 'अक्षरांना दुहेरी कड, दुर्मीळ.' मी हसून हसून खाली बसले. त्या हसल्या नाहीत. नाणं घेऊन वर निघून गेल्या आणि रात्री जेवायलाही दहा मिनिटं उशिरा आल्या. मला वाटलं, झालं, आता हे वर्षभर पुरणार. पण दुसऱ्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, मला ते दिसलं नव्हतं गं. दिसावं असं वाटत होतं."

परीक्षेला मी सोबत गेले, मागच्या बाकावर बसले. पहिली नऊ नाणी वन्संनी भराभर उरकली. दहावं उचललं आणि त्यांचा हात थबकला. भिंतीवरची काचेची चौकट आज रिकामी आहे हे मग मलाही दिसलं. त्या चौकटीतलं नाणं म्हणजे मंडळाची शान, हे वन्संकडून ऐकलं होतं, आणि तेच आज दहावं म्हणून तबकात आलं होतं. चौकटीखाली घड्याळजींच्या हातची जुनी चिठ्ठी, 'अस्सल जोडठसा'. वन्संनी जेवताना मला हेही शिकवलं होतं. नाणं ज्या ठशानं पाडतात त्या ठशावरच अक्षरं दोनदा उमटली असतील, तर अक्षरांच्या टोकांना खाच दिसते. तो जोडठसा, फार मोलाचा. पण ठसा नुसता सैल होऊन ऐन घावाला हलला असेल, तर अक्षराच्या बाजूला चपटी पायरी पडते. तसली नाणी पैशाला पासरी.

दातांच्या डॉक्टरांनी दहाव्याला अर्धं मिनिटही लावलं नाही. वन्सं मात्र बसल्याच. एकदा त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून लिहिलं. तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

घड्याळजींनी चिठ्ठ्या वाचल्या. नऊ नाण्यांपर्यंत डॉक्टर आणि वन्सं बरोबरीत. दहाव्याला डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'अस्सल जोडठसा.' मग वन्संची चिठ्ठी. घड्याळजींनी ती आधी मनात वाचली, नंतर मोठ्यानं. "जोडठसा नाही. ठसा हलल्यामुळे पडलेली पायरी आहे. माफ करा."

माझं धाबं दणाणलं. ज्यांनी खुर्ची द्यायची त्यांचीच तीस वर्षांतली सगळ्यांत मोठी चिठ्ठी या बाईनं खोटी ठरवली होती. उठावं, हाताला धरावं आणि सरळ घरी न्यावं असं मला झालं.

घड्याळजींनी चष्मा काढून पुसला. "अकरा वर्षं झाली मला हे कळून," ते म्हणाले. "नवं भिंग आणलं तेव्हा कौतुकानं पहिलं हेच नाणं पाहिलं, आणि पायरी दिसली. दर रविवारी ठरवून यायचो की आज सांगायचं. आणि दर रविवारी तुमच्यातला कुणीतरी पाहुणा आणून त्या चौकटीपुढे उभा करायचा. म्हटलं, जो हे लिहील त्याच्या हाती भिंग देऊन मोकळा होतो." आणि ते हसायला लागले, पोरासारखे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग एकच झुंबड. जो तो नाणं पाहायला पुढे. डॉक्टरांनी सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं, दोनदा चक् चक् केलं आणि स्वतः जाऊन परीक्षकाची खुर्ची वन्संसाठी ओढली. "हे लिहायचं धाडस कुठून आणलंत बाई?" घड्याळजींनी विचारलं. वन्संनी सरळ मागच्या बाकाकडे बोट केलं. "आमच्या वहिनीनं शिकवलं. घरची परीक्षा याहून कडक होती." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि मला कुठे पाहावं ते कळेना.

घरी आल्यावर त्यांनी वरून आपला अल्बम आणला. आजवर मला कधी हात लावू दिला नव्हता, तो माझ्या मांडीवर ठेवला. पहिल्या पानावर, पहिल्याच कप्प्यात, माझं ते भाजीवालीचं नाणं. खाली त्यांच्या बारीक अक्षरात, 'नेहमीचं नाणं. दोष नाही. वहिनीकडून.'

"अहो वन्सं, पहिल्या पानावर तर दुर्मीळ काहीतरी लावायचं ना," मी म्हटलं.

"दुर्मीळच आहे. इतक्या वर्षांत मी नीट पाहिलं आणि खोट सापडली नाही, असं हे एकच."

नाण्याबद्दलच बोलत होत्या का, ते मी विचारलं नाही. मला रडू फुटलं, त्यात लपवायचं काय. वन्संनी माझ्या मांडीवरचा अल्बम हळूच बाजूला सरकवला. "आधी डोळे पूस," त्या म्हणाल्या. "नाण्यावर पाणी पडलं की डाग जात नाही."