ड्रममागून गाणारा

अंबरनाथपासून वांगणीपर्यंत आमच्या मावसभावाइतका घाम गाळून गाणारा माणूस झाला नाही, आणि पैजेवर सांगतो, होणारही नाही. लोक बसून गातात, उभ्याने गातात. हा दोन्ही हात, दोन्ही पाय आणि मान एकदम कामाला लावून गातो. फंक आणि सोल वाजवणाऱ्या बँडमध्ये ड्रम तोच बडवतो आणि मुख्य गायकही तोच. फंक म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं. "हळदीचाच ठेका रे, फक्त मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवायची," म्हणाला. आयुष्यभर हळदीत वाजवलेल्या माणसाला व्याख्येची अडचण नसते.

त्याचे हात गप्प बसतच नाहीत. मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांच्या बशीवर चमच्याने त्याने असा ठेका धरला, की मुलीचे वडील मान डोलवायला लागले आणि मुलीने नकार कळवला. कानाला अडकवायचा माइक घ्यायला आम्ही कॅम्प दोनच्या सिंधी बाजारात गेलो, तर दुकानदार शेठ म्हणाला, "साईं, ये तो कीर्तनवाले ले जाते हैं." याने तिथेच काउंटर बडवत गाऊन दाखवलं. शेठने गिऱ्हाइकं सोडून आमच्यासाठी चहा मागवला. आम्ही राहतो त्या मांजर्लीत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा सगळी बिल्डिंग फ्रिज आणि गाद्या वर चढवत होती आणि हा मोठा ड्रम डोक्यावर घेऊन जिना चढत होता. "अरं, आधी तांदूल ने," खालून मावशी ओरडली. "आई, तांदूळ वाळवता येतात. लाकूड फुगलं की संपलं," असं म्हणून तो वर गेलासुद्धा.

यंदा मुंबईतल्या एका मोठ्या महोत्सवासाठी कॅम्प पाचमधल्या हॉलमध्ये निवडफेरी होती. निवड झाली तर अंबरनाथच्या कंपनीतली नोकरी सोडायची, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. अट एकच: लाल दिवा लागला की थांबायचं, नाहीतर बँड बाद. मावशीला मी बळेच आणलं होतं. शेवटचं गाणं असं काही रंगलं, की लोक खुर्च्या सरकवून नाचायला लागले, आणि मावशीही उठली. काका गेल्यापासून ती हळदीच्या मांडवात कधी पुढे आली नव्हती. तिला कुणी बोलवायचं नाही. हा पुढे सगळ्या गावाला नाचवायचा आणि ती मागे भांड्यांपाशी बसायची. इथे ना हळद होती ना मांडव. पदर खोचून ती नाचायला लागली, तेवढ्यात लाल दिवा लागला.

गिटारवाला डोळे वटारत होता, परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. पण हळदीत वाजवणाऱ्यांचा एक नियम असतो: समोर कुणी नाचत असेल तर ठेका तोडायचा नाही. हा गातच राहिला, वाजवतच राहिला. मीसुद्धा खुर्चीवर चढून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. मावशी दमून हसत खाली बसली, तेव्हाच त्याने काठ्या खाली ठेवल्या.

बँड अर्थातच बाद झाला. गिटारवाला बरेच दिवस बोलत नव्हता. "दिवा दिसला नाही का तुला?" मी विचारलं. "दिसला ना," तो म्हणाला, "पण आई नाचत होती."

तो अजून कंपनीत जातो आणि सुट्टीच्या दिवशी वाजवतो. तो आवाज मुंबईत पोचायला हवा होता, असं मला फार वाटतं. मावशीला मात्र आम्ही काहीच सांगितलेलं नाही. ती अधूनमधून विचारत असते, "आता परत कधी रं तुमचा कार्यक्रम?"