प्रचारातली सासू

मालिकेत मी सासू होते. सुनेच्या भाजीत मुद्दाम मीठ ओतणारी, देवघरासमोर उभं राहून खोटी शपथ घेणारी. रोज संध्याकाळी लोक मला शिव्या घालत, आणि त्या शिव्यांवर माझं पुण्यातलं घर चालत होतं.

मी मूळची गेवराई तालुक्यातल्या एका बाजारगावची. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथे भांड्यांचं दुकान. आमचं घर लिंगायत, आणि अप्पा फार कडक. मी कॉलेजच्या नाटकात काम केलं तेव्हा त्यांनी कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी पुण्याला निघाले त्या दिवशी दुकानातून उठून बाहेरही आले नाहीत. त्यानंतर आईच्या अंत्यविधीपुरती मी गावाकडे गेले, तेवढंच.

मालिका संपत आली होती तेव्हाची गोष्ट. जिल्हा परिषदेचा आमचा गट बायकांसाठी राखीव झाला आणि तालुक्यातले एक पुढारी माझ्या घरी आले. त्यांना सगळे साहेबच म्हणत. त्यांच्याबरोबर अप्पा होते. माझ्या घराचा उंबरा ते पहिल्यांदाच ओलांडत होते. सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले.

"ताई, तुमाला कायबी करायचं न्हाई," साहेब म्हणाले. "नुसतं फिरायचं. तुमचा चेहरा घराघरात हाय. मतदार यादीत नाव बी गावाकडंच हाय तुमचं."

"आणि निवडून आल्यावर?"

"मंग आमी हाव की."

मी अप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ये घरी. खोली रिकामीच हाय."

इतक्या वर्षांत हे वाक्य ते पहिल्यांदा बोलले, तेही साहेबांच्या समोर आणि साहेबांसाठी. हे तेव्हाच मला कळत होतं. तरी मी हो म्हणाले.

चकलांब्याच्या बाजारात पहिली सभा झाली. स्टेजमागच्या बॅनरवर माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'सर्वांच्या लाडक्या सासूबाई' असं छापलं होतं. मी शाळेतल्या मुलींच्या संडासांबद्दल बोलायचं ठरवलं होतं, पाठ करून गेले होते. मी नमस्कार म्हणताच बायका ओरडायला लागल्या, "सासूबाई, डायलॉग म्हना." साहेबांच्या एका कार्यकर्त्याने माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणाला, "आदी डायलॉग, मंग भाषण." मी डोळे वटारून सुनेला झापायचं वाक्य म्हटलं. शिट्ट्या झाल्या. भाषणाची वेळ आलीच नाही. पुढच्या प्रत्येक सभेत हेच झालं आणि मी भरपूर मतांनी निवडून आले.

निवडून आल्यावर मी फिती कापल्या, हळदीकुंकवाला गेले, कागद पुढे आले की सह्या केल्या. वाचायला लागले तर साहेबांचा माणूस हसून म्हणायचा, "ताई, आमच्यावर इस्वास न्हाई का?" सकाळी मी अप्पांच्या दुकानात बसायचे. लोक यायचे, फोटो काढून घ्यायचे, एखादी परात घेऊन जायचे. अप्पा खूश होते.

एक दिवस एक धनगराची बाई आली. माझ्याच वयाची असेल. तिची वस्ती नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती आणि त्या रस्त्याने दिवसभर वाळूचे टिप्पर पळायचे. एका टिप्परने तिची मेंढरं चिरडली होती. मेंढरं हाकलायला मध्ये गेलेल्या नवऱ्याचा पाय मोडला होता. सगळीकडे फिरून ती माझ्याकडे आली होती.

"तुमी टीवीत त्या पोरीला कसं झापता," ती म्हणाली, "तसं ह्यांला एकदा झापा. तुमाला भितेत लोकं."

रस्ता जिल्हा परिषदेचाच होता. मी म्हणाले, उद्या येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या वस्तीसमोर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ती माझ्या मागे उभी होती. पहिला टिप्पर थांबला, त्याच्यामागे दुसरे थांबले. ड्रायव्हर खाली उतरला आणि मला बघून एकदम खुलला.

"ताई, वळखलं न्हाई का? तुमच्या प्रचाराची गाडी मीच चालवलती."

खरंच तोच होता. प्रचारात त्याने मला ऊन लागू नये म्हणून काचेला टॉवेल बांधून दिला होता. मी त्याला विचारलं, "या बाईच्या नवऱ्याचा पाय कोणी मोडला?" त्याने गळ्यातल्या रुमालाने कपाळ पुसलं. तोवर मागच्या गाड्यांतली पोरं जमली आणि मोबाइल वर झाले.

मी बोलायला लागले. हा रस्ता टिप्परसाठी केलेला नाही, इथे माणसं राहतात, आजपासून एकही गाडी इथून जाणार नाही. आयुष्यात इतकी चिडलेली मी क्वचितच असेन.

"आरं, झाल्या की सुरू सासूबाई," कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"ताई, जरा डोळे वटारून म्हना की."

माझे डोळे भरून आले. त्यावर एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बघ बे, डोळ्याला काई न लावता रडत्यात. ह्याला म्हन्तेत अ‍ॅक्टिंग."

ड्रायव्हरने मला वाकून नमस्कार केला, गाडीत चढला आणि टिप्पर बाजूच्या रानातून वळवून घेऊन गेला. बाकीचे त्याच्यामागे गेले. ज्वारीचं ते रान त्या बाईचंच होतं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. मागे मालिकेचं संगीत लावलं होतं आणि मध्ये मध्ये हसण्याचे आवाज. साहेबांचा फोन आला.

"लई भारी झालं ताई. लोकांला आवडलं. फकस्त त्या रस्त्यावर परत जाऊ नका."

मी जिल्हा परिषदेच्या सभेत तो विषय मांडायला उभी राहिले. अर्धं वाक्य झालं असेल, तेवढ्यात मागून एका सदस्याने माझाच डायलॉग माझ्या आवाजात म्हटला. अध्यक्षसुद्धा हसले आणि पुढचा विषय घेतला.

मग मी एकटीच त्या वस्तीवर गेले. नवरा दारात काठी घेऊन बसला होता. बाईने मला पाणी दिलं. बसा म्हणाली नाही.

"त्या दिवशीचं बोलनं बी नाटकातलंच व्हतं का?" तिने विचारलं.

"नाही. ते खरं होतं."

"मंग ते सगळे हासले कावून?"

तांब्या खाली ठेवून मी निघाले. पुढच्या दिवाळीनंतर ते दोघं उरलेली मेंढरं विकून लेकीच्या गावाला, तेलगावकडे गेल्याचं कळलं.

पुढच्या निवडणुकीत साहेबांनी तिकीट मोबाइलवर नाचाचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका मुलीला दिलं. मला कळवलंसुद्धा नाही. बॅनर लागल्यावर समजलं. मी बॅग भरत होते तेव्हा अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"नीट चाललं व्हतं सगळं," ते म्हणाले. "तू कशाला गेलतीस त्या रस्त्यावर?"

"त्या माणसाचा पाय मोडला होता, अप्पा."

"मोडला व्हता, खरं हाय. पन आता मानसं दुकानात येत न्हाईत त्याचं काय?"

मी बॅगेची चेन लावली आणि रिक्षा बोलावली. अप्पा दुकानात जाऊन बसले. रिक्षा समोरून गेली तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला कुकर दाखवत होते.

पुण्यात मला पुन्हा कामं मिळतात. सासूचीच असतात, मी घेते. परवा सेटवर एका सीनमध्ये रडायचं होतं. दिग्दर्शकाने मला तीनदा थांबवलं. म्हणाला, मॅडम, खरं वाटत नाही. मग मेकअपवाल्या मुलीने डोळ्यांत ग्लिसरीन घातलं आणि सीन पूर्ण झाला.