शीआनमधला आग्रह

गेल्या महिन्यात मी आणि माझ्या सासूबाईंनी एक अख्खा दिवस चीनमधल्या शीआन शहरात भटकण्यात घालवला. नवऱ्याला, म्हणजे मंदारला, तिथे ऑफिसचं काम होतं. तो मीटिंगमध्ये अडकलेला, म्हणून आम्हा दोघींसाठी एक प्रायव्हेट गाइड बुक केली होती.

आम्ही इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला राहतो, आई, म्हणजे सासूबाई, तिथेच कॉव्हेंट्रीला. कॉव्हेंट्रीच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या, आता रिटायर्ड. बाबा गेल्यापासून त्या घरात एकट्या असतात.

गाइडचं नाव लिन. पंचविशीची, हसरी, छान इंग्लिश बोलणारी. तिने जुन्या शहरातला घंटेचा मनोरा दाखवायला सुरुवात केली आणि आईंनी प्रश्नांची सरबत्ती… घंटा कोण वाजवायचं? तो आजारी पडला तर? पलीकडच्या मनोऱ्यात नगारे दिसले, तर ते कशाच्या कातड्याचे, पावसात सैल पडत नाहीत का?

नगाऱ्यांवरून गाडी लिनवर आली. लग्न झालं का, आई काय करते, कुणाकडे राहतेस… मी कानकोंडी झाले. इंग्लंडमध्ये राहून माझी सवयच मोडली आहे हो. आमच्या शेजाऱ्यांचं आडनाव मला त्यांचं पार्सल घेतलं तेव्हा कळलं! लिन मात्र खुशीत उत्तरं देत होती.

दुपारी तिने आम्हाला गल्लीतल्या एका नूडल्सच्या दुकानात बसवलं. कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स, वर लाल तिखट आणि कडकडीत तेल. ऑर्डर देऊन ती स्वतः बाहेर जायला लागली. मी म्हटलं, तूही बस ना आमच्याबरोबर. ती म्हणाली, "नो नो, आय अ‍ॅम फाइन." मी ओके म्हटलं आणि चॉपस्टिक्स उचलल्या.

"अगं, परत विचार तिला," आई म्हणाल्या.

"आई, नाही म्हणाली ना ती. फोर्स कशाला करायचा?"

"एकदा विचारणं म्हणजे काय विचारणं झालं? वॉर्डात पेशंट 'नो टी' म्हणाला तरी मी कप ठेवून यायचे. परत जाईपर्यंत रिकामा! भीड भिकेची बहीण… उपाशी राहील पोर."

आणि त्या उठून गेल्यासुद्धा. मी काचेतून बघत होते. लिन दोन्ही हातांनी नको नको करत होती. आई पुन्हा काहीतरी म्हणाल्या, पुन्हा नको. मग आईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला… आणि ती आली. आमचं निम्मं खाऊन होईपर्यंत तिचा बाऊल रिकामा.

खाता खाता तिने सांगितलं ते ऐकून मजा वाटली. तिच्या आजीची शिकवण अशी, की कुणी खायला दिलं तर आधी नाहीच म्हणायचं, नाहीतर आपण हावरट दिसतो. लोक परत विचारतातच, म्हणून काळजी नसते. "पण ब्रिटिश गेस्ट फार पोलाइट. खूप छान विचारतात… एकदाच." त्यामुळे ती आता बॅगेत बिस्किटं ठेवते.

आई खो खो हसल्या. मी जरा उशिराच हसले.

कारण माझ्या डोक्यात ऑगस्ट महिना आला होता. आम्ही आईंना म्हटलं होतं, कॉव्हेंट्रीचं घर सोडून आमच्याकडेच या ना राहायला, मागची खोली रिकामी आहे. "नको गं, मी इथे बरी आहे," त्या म्हणाल्या आणि आम्ही विषय संपवला. त्यांच्या मताचा मान राखला म्हणून आम्हाला स्वतःचं कौतुकही वाटलं.

शिवाय नगाऱ्याच्या कातड्याची चौकशी करणाऱ्या या बाईंनी त्या खोलीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. मला वाटलं, मनातच नसेल. आणि खरंच नसेलही… त्यांच्या मैत्रिणी तिथे, ओळखीचे रस्ते तिथे. खरा नकार कोणता आणि भिडेचा कोणता, हे ओळखायचं कसं?

संध्याकाळी आम्ही शहराच्या तटावर होतो. इतका रुंद, की वरून लोक सायकली चालवतात. मी धीर करून पुन्हा विचारलं. आई म्हणाल्या, "बघू," आणि लगेच लिनकडे वळल्या… या विटा कशाने जोडल्या? लिन म्हणाली, चुन्यात चिकट भाताची पेज घालायचे. "म्हणजे आपली खळच की!" आईंना कोण आनंद.

परत आल्यावर त्यांना सोडायला कॉव्हेंट्रीला गेलो. घर गार पडलं होतं. आईंनी कोटसुद्धा न काढता चहा टाकला. मी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी खोलीचं नाव काढलं नाही, नुसतं म्हटलं, "आई, आम्हाला तुम्ही हव्या आहात."

त्या चहा गाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या मागच्या खोलीत ऊन सकाळी येतं की दुपारी?"

मला माहीतच नव्हतं! तिथे आमच्या सुटकेसेस आणि इस्त्रीचं टेबल, पडदा कायम बंद. घरी येऊन मी पडदा उघडला आणि वाट बघत बसले. सोमवारी ढग, मंगळवारी ढग… शेवटी गुरुवारी आलं. सकाळचं, थेट पलंगाच्या जागेपर्यंत. लगेच फोन करून सांगितलं.

आता रोज एक प्रश्न येतो. कपाट किती खोल आहे, बस कुठे थांबते… काल विचारलं, तुमच्याकडे जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट किती दिवसांत मिळते? आठवडे लागतात, हे खरं उत्तर द्यायचा मात्र धीर होत नाहीये. 😄

आई अजून 'हो' म्हणालेल्या नाहीत. पण प्रश्न यायला लागलेत, आणि मी विचारायचं थांबणार नाही. लिन, थँक यू गं… तुझ्या पुढच्या पाहुण्यांनी तुला निदान तीनदा विचारावं.