मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी

कानडी मुलखातल्या बसवनगुडीत, मराठी घरांत मुलामुलींच्या लग्नाचा विषय निघाला की पहिला फोन जायचा रघुनंदनरावांना. सरकारी कचेरीतली नोकरी संपली, केस पिकले, पण मराठी मंडळाच्या वधूवर केंद्राचं काम सव्वीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. मुलाकडचे ओळखीचे असोत की पाव्हणे, मुलीच्या आईला विचारल्याशिवाय तिचा फोटो ते कोणाला दाखवत नसत. पत्रिकांच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली. अंघोळीलासुद्धा ती अंगावरच.

पुढे मंडळाने त्यांच्या घरी कॉम्प्युटर दिला. साठाव्या वर्षी रघुनंदनराव मराठी टाइप करायला शिकले. ब्राउझरला जोडलेल्या एका छोट्या सोयीवर त्यांची बोटं बसली होती. एकदा ब्राउझर अपडेट झाला आणि ती सोय गायब. ‘ज्ञ’ उमटेना, ‘कृष्णमूर्ती’ लिहिता येईना. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावून जुना ब्राउझर परत घालून घेतला, अपडेट कायमचे बंद करवले आणि मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवली: ‘अपडेट करू नये. – र.’

ती चिठ्ठी सगळ्यांत आधी संपदाने पाहिली होती. संपदा पुण्याची, शहराच्या नव्या भागात, एचएसआर लेआउटला राहायची, कॉम्प्युटर कंपनीतून वेळ काढून मंडळासाठी तिने नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म करून दिला होता.

“काका, हे काढा हो. जुन्या ब्राउझरमध्ये नवी नवी भोकं सापडत राहतात. अपडेट म्हणजे ती बुजवणं. तुम्ही कशावर क्लिक नाही केलंत, नुसतं एखादं पान उघडलंत, तरी चोर आत येऊ शकतो.”

“आमचं घर या गावात तीनशे वर्षांचं आहे, बाई. तुझ्यासारखं भाड्याचं नाही,” रघुनंदनराव हसत म्हणाले होते. “तू तुझ्या फॉर्मला कडी लाव.”

संपदाही हसली होती. जरा कमी.

त्याला तीन वर्षं झाली. रोज सकाळी रघुनंदनराव गुणमेलनासाठी पंचांगाचं एक पान उघडत. त्याच पानावरच्या जाहिरातीतून कोणीतरी त्या जुन्या भोकातून आत शिरलं आणि पत्रिकांची अख्खी फाइल, फोटो-नंबरांसकट, घेऊन गेलं. कळलं ते एका गुरुवारी. शाळेत शिकवणाऱ्या मनस्विनीला अनोळखी माणसांचे घाणेरडे फोन येऊ लागले. निळ्या म्हैसूर सिल्कमधला तिचा फोटो, खाली नंबर, कुठल्याशा साइटवर. दोन दिवसांत तशा अकरा मुली निघाल्या.

रविवारी मंडळाची बैठक भरली. अध्यक्ष व्यंकोजी टेबलावर हात आपटून म्हणाले, “रघुअण्णा, हे त्या ऑनलाइन फॉर्ममधूनच गेलं असणार. काल आलेल्यांच्या हाती घरच्या मुली दिल्या आपण! तुमचं काय म्हणणं?”

संपदा समोरच बसली होती.

मनस्विनीच्या आईने फॉर्म भरलाच नव्हता. कागद हातात आणून दिला होता, आणि तो रघुनंदनरावांनी स्वतः स्कॅन केला होता. फॉर्मचा यात काही संबंध नाही, हे त्या खोलीत त्यांना एकट्यालाच पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

“असेल,” ते म्हणाले.

एवढंच. पण ते तोंडातून निघालं.

संपदा जाताना म्हणाली, “काका, शनिवारी तुमचा कॉम्प्युटर एकदा बघू?”

“सरी, बरं, ये की.”

शनिवारी सकाळी त्यांनी चिठ्ठी सोलून काढली आणि पंचांगात दडवली. मग अपडेट सुरू केला. तीन वर्षं अडवून धरलेलं काम चार मिनिटांत झालं.

संपदा आली. पडद्यावर काहीबाही उघडून वाचत बसली. “अपडेट आजच झालाय. सकाळी आठ बेचाळीसला,” ती सावकाश म्हणाली. मॉनिटरच्या धुळकट कडेवर एक चौकोन लख्ख स्वच्छ होता. तिने तिकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. रघुनंदनरावांच्या पत्नी अहल्याबाईंनी दिलेली कॉफी संपवली, लोटा स्वतः विसळून ठेवला आणि गेली.

संध्याकाळी संकष्टी बघायला अहल्याबाईंनी पंचांग काढलं.

“अहो, ही चिठ्ठी यात कशी?”

“पडली असेल.”

“पडली, आणि नीट घडी होऊन बसली?” अहल्याबाई समोर येऊन बसल्या. “तिला भाड्याचं घर म्हणालात ना, तेव्हा मी आत दोसे घालत होते. दोसा करपला माझा. आज ती मान खाली घालून गेली. मान कोणाची खाली जायला हवी होती?”

त्या उठल्या, चिठ्ठी रघुनंदनरावांच्या पाण्याच्या पेल्याखाली ठेवून गेल्या. पेला उचलायला त्यांना फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी, रविवारच्या बैठकीला मुलींच्या घरचेही आले होते. व्यंकोजींनी तोंड उघडायच्या आत रघुनंदनराव उभे राहिले आणि चिठ्ठी वाचून दाखवली. मग सगळं सांगितलं. संपदाने सावध केलं होतं ते, तिला काय म्हणालो ते, ‘असेल’ म्हणालो ते, आणि कालची लपवाछपवीही. सदऱ्यात हात घालून त्यांनी जानव्याची गाठ सोडवायला घेतली. सुटेना. अख्खी खोली त्यांची ती खटपट बघत राहिली. शेवटी किल्ली टेबलावर आली.

“रघुअण्णा, तुम्ही?” एवढंच व्यंकोजी म्हणाले.

“संपदा, चुकलो गं,” रघुनंदनराव म्हणाले.

“हो, काका,” ती म्हणाली. असू दे, असं काही म्हणाली नाही.

बाहेर चपलांपाशी मनस्विनी उभी होती.

“फोटो गेला तो गेला, काका. पण मंडळ म्हणालं फॉर्ममधून गेलं, आणि मी तर फॉर्म भरला नव्हता. मग मला वाटलं, फोटो माझ्या फोनमधून गेला. माझ्याशिवाय तो फोन फक्त माझ्याबरोबर शिकवणाऱ्या चंदनाच्या हातात असतो. मी तिला नाही नाही ते बोलले. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. गेल्या रविवारी तुम्ही सांगितलं असतंत, तर नसते बोलले. मी बोलले सोमवारी.”

रघुनंदनरावांचा पाय चपलेत अर्धाच गेला होता. त्यांनी हिशेब केला होता तो अकरा मुलींचा. ही बारावी त्यांना माहीतच नव्हती.

“कुठे राहते ती?”

“के. आर. पुरमला.”

“आत्ता घरी असेल?”

मनस्विनी चालायला लागली. तेही मागून निघाले. रविवारच्या मेट्रोत बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. त्यांनी सरकून शेजारी जागा केली. मनस्विनी खांब धरून उतरायच्या स्टेशनापर्यंत उभीच राहिली.