लाल टिंबवाले काका

गिरणी कामगारावर लिहितोय म्हटल्यावर रुमाल काढलात ना? ठेवा खिशात. आमच्या घोडपदेवच्या चाळीतले हे काका रडवत नाहीत, पळवतात. संपात गिरणी सुटली, तेव्हापासून त्यांचे पाय जागेवर ठरतच नाहीत.

त्यात लेकीनं फोनमध्ये नकाशा टाकून दिला. कुठं कचरा जळताना दिसला की फोटो काढून तिथं लाल टिंब लावायचं, मग पालिकेची माणसं येऊन विझवतात. झालं! हातातला घास हातात, नाक वर, "आला रे आला, प्लास्टिकचा धूर!" की काका जिन्यात. मी कणकवलीचा नकल्या. ते नाक मी गच्चीवर करून दाखवतो तेव्हा सगळ्यात जोरात काकाच हसतात.

दरवर्षीसारखं यंदाही विसर्जनानंतर गणपती मंडळाच्या पोरांनी मखराचं थर्माकोल चाळीमागंच पेटवलं. काका फोन घेऊन पोचले, पण अंगठा हवेतच थांबला. या मंडळाची पहिली आरती दरवर्षी त्यांची.

पोरांतला एक म्हणाला, "काका, आपलंच मंडळ हाय. टिंब लावलंत तर पुढच्या वर्षी आरती विसरा."

काका दोनदा मागं फिरले, दोनदा परत आले. मग टिंब लावलं.

माणसं आली, आग विझली. पोरं काकांकडे पाठ फिरवून निघून गेली. काका मान खाली घालून घरी आले, तर त्यांची बायको, मूळच्या मालवणच्या आमच्या काकू, दारातच उभ्या.

"इतकी वर्सां दर विसर्जनाक ह्यो धूर गिळून मी खोकतंय. तेव्हा तुमचा नाक खंय होता?"